काचेचे मनोरे आणि जमिनीचा हिशेब

लोअर परळ, वरळी, लालबाग या भागांत एके काळी गिरण्यांची धुराडी दुरून दिसत. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. या स्थित्यंतराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ झाल्या आहेत : एक प्रगतीचे गोडवे गाणारी, दुसरी गतकाळासाठी हळहळणारी. दोहोंतूनही मूळ प्रश्न निसटतो. शहराच्या वाढीमुळे जमिनीचे जे मोल वाढले ते कोणाच्या पदरात पडले, हा तो प्रश्न होय.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरणधंद्याच्या ऱ्हासाचे खापर केवळ त्या संपावर फोडणे योग्य नव्हे. यंत्रमागांची स्पर्धा आणि जुनाट यंत्रसामग्री ही कारणे आधीपासूनची होती. परंतु गिरण्या बंद पडत गेल्या तसतशी कापडापेक्षा जमीनच मौल्यवान ठरली. २००५ साली सरकारी मालकीच्या मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली.

हे मोल मालकांच्या श्रमातून वा भांडवलातून आलेले नव्हते. रेल्वे, पाणीपुरवठा, रस्ते आणि लाखो माणसांचे कष्ट यांनी ते निर्माण केले. अर्थशास्त्रात यालाच अनर्जित वृद्धी म्हणतात. जी समाजाने निर्माण केली, तिच्यात समाजाचा वाटा असणे न्याय्य ठरते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हे तत्त्व मान्य झाले होते. विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा स्थूलमानाने एकतृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एकतृतीयांश ‘म्हाडा’स घरांसाठी आणि उरलेला मालकास, अशी ती वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. पंधरा एकरांच्या गिरणीत तेरा एकरांवर बांधकाम असेल, तर वाटणी केवळ दोन एकरांची! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र दुरुस्ती ग्राह्य धरली. जुन्या नियमामुळे मालक पुढे येत नव्हते आणि कामगारांची देणी अडून राहिली होती, हा दुरुस्तीच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. पण मालकास उत्तेजन देणे वेगळे आणि शहराचा वाटा जवळजवळ सोडून देणे वेगळे.

त्याची किंमत कोण मोजतो? गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, आणि अनेकांपुढे आता शेलू-वांगणीच्या घरांचा पर्याय ठेवला जात आहे. कचेऱ्या वाढल्या, परंतु तेथवर पोहोचण्याच्या वाटा त्या मानाने रुंदावल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. काचेच्या भिंतींआडची हवा यंत्राने थंड ठेवावी लागते. त्या यंत्रांची उष्णता मात्र रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला येते.

याचा अर्थ उंच इमारतीच नकोत असा नव्हे. चाळीतील एका खोलीचे आणि सामाईक शौचालयाचे जिणे कोणी हौसेने पत्करले नव्हते. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच परिसरातील उंच इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. हे काम ‘म्हाडा’ने हाती घेतले होते. मनोरा तोही आहे. फरक आहे तो जमिनीचा लाभ प्रथम कोणास द्यावयाचा, या निर्णयाचा.

गिरण्यांच्या बहुतेक जमिनी आता हातच्या गेल्या आहेत. परंतु पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या विस्तीर्ण जमिनी अद्याप सार्वजनिक मालकीच्या आहेत आणि त्यांच्या विकासाच्या योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. तेथे घरांचा, मैदानांचा व वाहतुकीचा वाटा प्रथम निश्चित व्हावा आणि तो कोणत्याही दुरुस्तीने मागाहून कापता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच असावी. एका नियमातील फेरबदलाने शहराने काय गमावले, हे गिरणगावाने दाखवून दिले आहे. तोच धडा पुन्हा गिरवण्याइतकी जमीन मुंबईपाशी उरलेली नाही.