कंबरदुखीचे मूळ शोधायचे कोठे?

'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य शाळांच्या शिक्षकखोलीत आणि कचेऱ्यांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, तो जणू एक सर्वमान्य रोगच ठरला आहे. वस्तुतः वैद्यकशास्त्रात या नावाचा रोग नाही. दोन मणक्यांमध्ये गादी असते, म्हणून तेथे अंतर असतेच. वयोमानाने गादी झिजली की ते कमी होते, आणि त्यालाच आपण 'गॅप' म्हणतो. वर्षानुवर्षे कंबर व खुबा दुखत असलेल्या माणसाला या शब्दाने नाव मिळते. कारण मात्र मिळतेच असे नाही.

गादीला दोषी ठरविण्याच्या प्रथेमागे एक खरा शोध आहे. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी दाखवून दिले की, फुटलेली गादी नसेवर दाब आणते आणि त्यामुळे पायात कळा जातात. पुढे मात्र पायात कळ नसलेली कंबरदुखीही सरसकट गादीच्या माथी मारली जाऊ लागली. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी अवघ्या ३६ टक्के लोकांच्या सर्व गाद्या निर्दोष आढळल्या. उरलेल्यांच्या चित्रांत दोष होता, परंतु वेदना नव्हती. तेव्हा अहवालात 'गादी फुगली आहे' असे लिहिलेले असले, तरी तेच दुखण्याचे कारण, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

याउलट, खरे कारण हजर असूनही चित्र निर्दोष दिसण्याचे प्रसंगही येतात. विशी-तिशीतील विद्यार्थ्याची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते, सकाळी अर्धा तास ती ताठलेली असते, उत्तररात्री वेदनेने जाग येते, चालल्या-फिरल्यावर बरे वाटते आणि विश्रांतीने उतार पडत नाही. ही लक्षणे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दाहजन्य संधिरोगाकडे बोट दाखवितात. हा रोग बहुधा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या सांध्यांत सुरू होतो. म्हणून कधी एक नितंब दुखतो, कधी दुसरा. प्रारंभीची काही वर्षे साध्या क्ष-किरण चित्रात काहीच न दिसणे शक्य असते. एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी त्याचे नाते १९७३ मध्ये उघड झाले. परंतु ही खूण अनेक निरोगी माणसांतही असते. अशा तरुणाला 'पडून राहा' असे सांगणे म्हणजे त्याचा पाठीचा कणा आखडू देणे होय.

खुब्याचीही अशीच गफलत होते. लोक ज्याला खुबा दुखणे म्हणतात ते नितंबातील दुखणे पुष्कळदा कमरेतून आलेले असते. खुब्याच्या सांध्याची वेदना बहुधा जांघेत जाणवते, आणि मांडी घालून बसणे अवघड होते. रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड मृत होऊ लागते, तेव्हाही सुरुवातीचे साधे चित्र निर्दोष असू शकते. येथे एमआरआय खरोखर उपयोगी पडतो. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत हा विकार आढळल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले आहे. आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचाही विसर पडता कामा नये. ताप, घटते वजन आणि रात्रीची वेदना यांची चौकशी झालीच पाहिजे. लघवी अडणे, जांघांमधील भाग बधिर होणे किंवा पाय लुळा पडणे ही तर तातडीची लक्षणे होत.

हे सारे वगळल्यावरही बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. याचा अर्थ वेदना काल्पनिक आहे असा नव्हे. अशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांची शिफारस केली. कंबरपट्टा व ट्रॅक्शन यांचा नित्याचा वापर करू नये, असेही सुचविले. आपल्याकडे मात्र पट्टा आधी मिळतो आणि व्यायामाचे नाव शेवटी निघते.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. बाह्यरुग्ण विभागात शेकडो रुग्ण ताटकळत असतात, आणि 'फोटो लिहून द्या' असा आग्रह रुग्णही धरतात. चार प्रश्न विचारायला दहा मिनिटे लागतात. चिठ्ठी लिहायला एक पुरते. म्हणूनच सार्वजनिक रुग्णालयांत या रुग्णांसाठी स्वतंत्र वेळ आणि व्यायामोपचारतज्ज्ञ असणे अगत्याचे आहे. रुग्णानेही दुखणे केव्हा सुरू झाले, नेमके कोठे आहे, सकाळी कसे असते आणि कशाने कमी होते, हे कागदावर लिहून न्यावे. निदानाचा आरंभ त्या कागदापासून व्हावा, आणि एमआरआय त्यातून उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी काढला जावा.