मुद्दल खाणारे लोक

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाला एक गोष्ट झोपेतसुद्धा कळते : व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये. ठेवीच्या पावतीवर हे तत्त्व ज्यांना पटतं, तेच सुशिक्षित लोक कुंडीतल्या टोमॅटोची मुद्दलासकट कोशिंबीर करतात आणि पुढच्या मोसमात बियांच्या पाकिटासाठी दुकानात उभे राहतात. माझा राग आहे तो यांच्यावर.

आमच्या निरगुडसरच्या शेतकऱ्यावर नाही, हे आधीच सांगतो. त्याला नारायणगावच्या बाजारात क्रेट भरून माल न्यायचा असतो. साल जाड हवी, फळं एकसारखी हवीत, उतारा भरघोस हवा. म्हणून तो संकरित वाण लावतो, आणि त्याचं बी धरत नाही. कारण संकरित टोमॅटोची पोरं आईबापावर जात नाहीत. एक गोल, एक लांबट, एक नुसतंच पानांनी माजलेलं! मेंडेल नावाच्या पाद्र्यानं १८६६ सालीच वाटाण्यांवरून हा कौटुंबिक प्रकार छापून ठेवला आहे.

पण कोथरूडचे आमचे साडू? त्यांच्या गच्चीवर चार कुंड्या. त्यांना कुठल्या बाजारात क्रेट न्यायचेत?

"अहो, बी काय, पाकिटात मिळतं की!" साडू म्हणतात. "चाळीस रुपड्यांसाठी एवढा व्याप कोण करणार?"

प्रश्न चाळीस रुपयांचा नाही, साडूसाहेब. (तसा आहेही. एका फळात शंभरावर बिया निघतात. एका झाडाला वीसच फळं धरली, तरी दोन हजार बिया. अस्मादिक बी. कॉम. आहेत, असा व्याजदर कुठल्याही बँकेत पाहिलेला नाही.) प्रश्न असा, की आमची काकू परसात लावायची ती पातळ सालीची, आंबटढाण तंबाटी क्रेटमध्ये घातली तर बाजारात पोचेपर्यंत त्यांचं सार होईल. म्हणजे बाजार ती विचारणार नाही, आणि खप नसलेला माल दुकानदार कशाला ठेवील? तिला वाली एकच : ज्याला विकायचं नाही, फक्त खायचं आहे असा माणूस. म्हणजे तुम्ही! आणि तुम्हीच पाकीट आणता!

डोंगरापलीकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बँकच उघडली. शाळेत न गेलेल्या बाई! त्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली, तेव्हा साडूंनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे लागतात, बी धरायला एकही मोकळा नसतो.

शिवाय २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क दिला आहे. विकायचासुद्धा; फक्त ब्रँडच्या नावाखाली विकायचं नाही. लोक हक्कांसाठी मोर्चे काढतात. आमच्या साडूंचा शेजाऱ्याला चिमूटभर बी द्यायचा हक्क कचऱ्याच्या बादलीत पडून आहे.

आणि व्याप तो काय? गावठी किंवा सरळ वाण घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री आहेत. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे शेजाऱ्यांच्या झाडाची फारशी धास्ती नको. (शेजाऱ्यांचं वेगळं.) निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ कापायचं, गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुऊन सावलीत वाळवायचं. वाळलेलं बी कोरडं ठेवलं, तर तीन-चार वर्षं सहज उगवतं. पुडीवर वाण आणि वर्ष लिहायचं. आमच्याकडे खात्याचं नावही लिहितात.

वास मात्र येतो, ते नाकारत नाही. आमच्या हिनं त्या वाटीवर झाकण ठेवून वर चिठ्ठी चिकटवली आहे : "ही चटणी नव्हे."