पायताण बदला राव!

आपल्या अंकात दरवर्षी हेल्मेटवर एक तरी लेख असतोच. फर्स्ट इयरपासून मी ते इमानदारीनं वाचत आलोय, आणि हेल्मेट आरशाला अडकवून गाडी हाणणारी मंडळीही तेवढ्याच इमानदारीनं बघत आलोय! त्यामुळे डोक्याच्या नादाला मी लागत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्या टोकाबद्दल. पायाबद्दल.

उद्या सकाळी साडेआठला हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभं राहून जरा खाली बघा. फ्लोटर्स, आंघोळीच्या स्लीपर, जाळीचे स्पोर्ट्स शूज, आणि व्हायवा असेल तर शेजारच्या रूममधून मागून आणलेले काळे फॉर्मल. वर्कशॉप असेल तर अजून मजा! पायात स्लीपर आणि बूट सॅकमध्ये. स्टाफ पार्किंगमधलं चित्रही फार वेगळं नाही (सर, राग मानू नका): चोचीचे, पातळ तळाचे, लेस नसलेले, सुळकन पायात जाणारे बूट. सुळकन आत जाणारी वस्तू सुळकनच बाहेर येते, हे समजायला डिग्री लागत नाही.

हे शहाणपण मला माझ्या रूम पार्टनरच्या पायानं शिकवलं. जानेवारीतली गोष्ट, उसाचा सीझन. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती डांबरावर आणून टाकलेली आणि पहाटेच्या दवानं तिचं लोणी झालेलं. शिरोलीकडून येताना वळणावर पुढचं चाक सरकलं. स्पीड किती? त्याच्या म्हणण्यानुसार वीस-पंचवीस. हेल्मेट होतं, डोक्याला ओरखडासुद्धा नाही. पण गाडी डाव्या अंगावर पडली आणि डावा पाय गाडी आणि रस्ता यांच्या मधे. फ्लोटर पहिल्याच झटक्याला निघून मागे राहिला आणि पुढचं अंतर पाय उघडाच घासत गेला. घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. फोनवर त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "लगा, माझं एक पायताण मागं पडलंय, येताना बघ की!"

सहा आठवडे प्लास्टर. हॉस्टेलचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास इंडियन. पुढचं वर्णन मी करत नाही. हसण्यावारी नेतोय खरं, पण ज्या कंपनीसाठी तो सेकंड इयरपासून तयारी करत होता, तिचा कॅम्पस त्याच सहा आठवड्यांत होऊन गेला. तो खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता.

नेमकी त्याच महिन्यात माझी इंटर्नशिप सुरू झाली, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत. पहिल्याच दिवशी गेटवर वॉचमनकाकांनी अडवलं. "पायात काय घातलंयसा बघू?" मी स्पोर्ट्स शूज पुढे केले. "ह्ये न्हाई चालायचं. शेफ्टी बूट घालून यावा." गेलो परत.

आता माझ्यापुढे प्रश्न असा होता. रोज जाऊन-येऊन गाडी, आत आठ तास उभं राहणं, संध्याकाळी परत येऊन लायब्ररी. गाडीसाठी एक बूट आणि कामासाठी दुसरा, असा संसार हॉस्टेलवाल्याला परवडत नाही. परवडला तरी टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पोहोचल्यावर बदलावा लागणारा बूट आपण तिसऱ्या दिवसापासून घालत नाही. जो दिवसभर पायात राहील, तोच गाडीवरही पायात असेल. म्हणून "सगळ्यात भारी रायडिंग बूट कुठला?" हा प्रश्नच आपल्यासाठी चुकीचा आहे. आपल्याला पाहिजे तो असा बूट, जो गाडीवर बऱ्यापैकी वाचवेल आणि मशीनसमोर, लॅबमध्ये, सरांच्या केबिनमध्ये लाजही आणणार नाही.

आणि असा बूट शोधायला लांब जायला नको. तो एमआयडीसीत रोज हजारो लोकांच्या पायात असतो. हाय-अँकल सेफ्टी शू! दुकानात 'लो-अँकल' आणि 'हाय-अँकल' हेच शब्द चालतात. लो-अँकल घोट्याच्या खाली संपतो, गाडीसाठी तो बाद. हाय-अँकलनं घोटा झाकला जातो. बुटावर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ हा नंबर बघा. त्याच्या भाग २ मधल्या बुटाच्या टो-कॅपला २०० ज्यूलचा दणका आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसावा लागतो. गणित आपल्याला येतंच: २०० ज्यूल म्हणजे साधारण २० किलोचं वजन १ मीटरवरून बोटांवर पडणं. १५ किलोन्यूटन म्हणजे दीड टनाच्या आसपास. १९५ किलोची क्लासिक ३५० पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या कलंडली तर बोटांचं काय होणार, याची चिंता मिटली.

"पण स्टीलची टोपी चेपली की बोटंच कापली जातात ना?" हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ठामपणे सांगितलं. 'मिथबस्टर्स'वाल्यांनी २००५ मध्ये नेमकी हीच अफवा तपासली आणि खोटी ठरवली. ज्या वजनाखाली स्टीलची टोपी पार चपटी होते, त्या वजनाखाली साध्या बुटातल्या बोटांचं काय होईल याचा विचार करा की!

तरी सेफ्टी शू म्हणजे रायडिंग बूट नव्हे, हेही सांगायला पाहिजे. नाहीतर मी अर्धवट ज्ञान वाटतोय असं होईल. युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, ईएन १३६३४. त्या बुटाच्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि खाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा तळ आडवा चेपला जाण्याचा. २ म्हणजे जास्त चांगलं. 'आयपीए' लिहिलं असेल तर घोट्यालाही दणका सोसणारं पॅड आहे. सेफ्टी शूमध्ये यातलं घोट्याचं पॅड नसतं, आणि त्याची परीक्षा बोटांवर पडणाऱ्या वजनासाठी झालेली असते, डांबरावर घसरण्यासाठी नाही. म्हणजे रूम पार्टनरच्या पायात तो असता तर हाड वाचलंच असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. कातडी वाचली असती, आणि बूट पायात राहिला असता, एवढं मात्र नक्की. ज्याच्या घरचे पैसे देतात त्यानं खुशाल ईएनवाला घोट्याएवढा रायडिंग शू घ्यावा. हल्ली ते दिसायलाही साध्या स्नीकरसारखे मिळतात. पण त्यात बहुतेक वेळा स्टीलची टोपी नसते, त्यामुळे वॉचमनकाका आत सोडणार नाहीत! माझ्या हजार-दीड हजाराच्या बजेटमध्ये सेफ्टी शूच बसत होता.

दुकानात तीन गोष्टी मी करतो आणि दुकानदार हसतो. हसू दे. एक, लेस बांधून टाच धरून बूट ओढायचा. हातानं निघाला तर रस्ता तो नक्कीच काढणार. दोन, तळ दोन्ही हातांत धरून पिळायचा आणि बाजूंनी दाबायचा. ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर ठेवून द्यायचा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुणीच करत नाही: बूट घालून बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीवर बसायचं आणि गिअर टाकून बघायचा. सेफ्टी शूचं नाक जाड असतं. टाचेनंही बदलता येणारा लांब लिव्हर असेल, म्हणजे क्लासिकसारखा, तर काही अडत नाही. पण ड्यूकसारख्या गाडीवर लिव्हरच्या खाली पाय घालूनच गिअर वर जातो. तिथं हे नाक अडकलं तर भर ट्रॅफिकमध्ये सेकंडवरून थर्ड पडत नाही. लिव्हर एक-दोन दातं वर सरकवून घ्या, मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम आहे. उजवीकडे ब्रेकचा पेडलही तसाच तपासा. जाड तळामुळे आपण ब्रेक दाबून धरलाय हे कळतच नाही आणि मागचा दिवा जळत राहतो.

लेसची गोष्ट माझी स्वतःची. मोकळा सुटलेला लूप डाव्या फूटरेस्टमध्ये अडकला, सिग्नलला थांबलो, पाय खाली टेकवायला गेलो तर पाय येईचना! गाडी आणि मी, दोघंही सावकाश, अगदी शिस्तीत, डावीकडे आडवे झालो. दसरा चौकात. संध्याकाळी सहाला. लागलं काहीच नाही, पण अख्ख्या कोल्हापूरनं बघितलं. तेव्हापासून लेस बांधून उरलेली टोकं आत खोचतो.

फाउंड्रीवाल्यांसाठी मात्र एक वेगळी सूचना. गाडीवर बूट पायातून निघू नये असं आपल्याला वाटतं. भट्टीजवळ नेमकं उलटं असतं. वितळलेल्या लोखंडाचा थेंब लेसच्या फटीतून आत गेला तर बूट क्षणात काढून फेकता आला पाहिजे. म्हणून ओतकामाच्या लोकांचे बूट बिनलेसचे असतात. माझं काम इन्स्पेक्शनला होतं म्हणून माझा लेसवाला बूट चालला. तुमची ड्युटी पोअरिंगला असेल तर कंपनी देईल तेच बूट घाला, तिथं माझा लेख दाखवू नका.

तळाबद्दल थोडं. स्वस्त सेफ्टी शूचा तळ बहुतेक पीयूचा असतो. हलका, आठ तास उभं राहायला मऊ. पण पीयूला दमट हवा खाते, रसायनाच्या भाषेत हायड्रोलिसिस. सीनियरनं दोन वर्षं कॉटखाली ठेवलेला 'नवाकोरा' बूट फुकट मिळाला म्हणून उड्या मारू नका. पहिल्याच आठवड्यात तळ बिस्किटासारखा चुरतो. शिवाय सायलेन्सरला टेकला की वितळतो. नायट्राइल रबराचा तळ महाग आणि जड, पण ऑइल आणि उष्णता दोन्ही चांगल्या सोसतो. आणि कुठल्याही तळाला टाचेची पायरी असलीच पाहिजे, म्हणजे फूटरेस्टवरून पाय पुढे सरकत नाही.

इथं कुणीतरी म्हणणारच, "कोल्हापुरात राहून चपलेला नावं ठेवतोस?" नाही भावा! आपल्या कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. मला अभिमान आहे, माझीही आहे एक. पण तिचा गुळगुळीत चामडी तळ ओल्या फूटरेस्टवर काय करतो, ते एकदा गाडी स्टँडवर लावून बघ. आणि चप्पल घालून गाडी चालवली की दंड होतो, ही २०१९ ची अफवा. तसा नियम नाही, असं तेव्हा गडकरींच्या कार्यालयानंच जाहीर केलं होतं. दंड होत नाही म्हणून पाय मोडत नाही, असं थोडंच आहे?

आता दोन मागण्या. पहिली वर्कशॉप सुपरिटेंडेंट सरांकडे. फर्स्ट इयरला जी यादी मिळते तिच्यात 'काळे बूट' एवढंच लिहिलेलं असतं. मग पोरं शाळेचे बूट नाहीतर मिळतील ते स्वस्तातले घेतात आणि वेल्डिंगच्या पहिल्याच टर्नला भोकं पाडून घेतात. तिथं 'लेसचे, हाय-अँकल, आयएस १५२९८' एवढे शब्द घाला. एकाच खर्चात वर्कशॉप, गाडी आणि पुढची इंटर्नशिप भागते. पोरींच्या मापात हे बूट दुकानात लवकर सापडत नाहीत, मागवावे लागतात. कॉलेजनं एकत्र ऑर्डर दिली तर तोही प्रश्न सुटेल.

दुसरी रेक्टर सरांकडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचे बूट वाळतच नाहीत. ओल्या बुटाला वास मारतो म्हणून पोरं स्लीपरवर गाडी काढतात, हे पावसाळ्यातल्या स्लीपरचं खरं कारण आहे. आतून वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवला तर चामडी बूट दोन रात्रींत वाळतो. इस्त्रीनं किंवा शेगडीवर वाळवला की चामडं कडक होऊन तडकतं, मी एक जोड असाच घालवलाय. प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये एक लोखंडी रॅक आणि वर एक पंखा, एवढंच पाहिजे. रॅक आम्ही फॅब्रिकेशन शॉपमध्ये स्वतः करून देतो, ड्रॉइंग तयार आहे. माप पार्टनरनंच काढलंय, प्लास्टर असताना, कॉटवर बसल्या-बसल्या.