मोटारसायकल घरी ठेवा

नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतावर जायला मोटारसायकल आहे. अंगमेहनत घटली, चहातली साखर मात्र तेवढीच राहिली. मग पोट सुटते, पाठोपाठ रक्तदाब आणि मधुमेह येतो. कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हावे. खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा कर्मचाऱ्यांनाही हे लागू आहे.

आठ दिवस उपाशी राहणारा नवव्या दिवशी दुप्पट जेवतो. पाट फोडून सोडलेले पाणी वाहून जाते, ठिबकचे मुळाशी मुरते. तसेच हे आहे. पाच कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर. ती निम्मी करा. जवळच्या शेतावर पायी जा.

उत्साह टिकवायचा कसा? दुधाची नोंद ठेवता तशी वजनाची ठेवा. दर सोमवारी कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला पाव किलो उतरले तरी पुष्कळ. मधुमेहाचे औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. लग्नसराईत एखादा आठवडा हुकला, तर नोंद सोडू नका. एक पाऊस हुकला म्हणून आपण शेत पडीक टाकतो काय?