प्रथमोपचाराची पेटी कोणाची?

कारखान्याच्या दारातून आत शिरले की हजेरीपटाशेजारी भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली दिसते. तिच्यावर लाल फुली असते. ती पाहून नवख्या माणसाच्या मनाला धीर येतो. परंतु ही पेटी शेवटची केव्हा उघडली, असे विचारले असता जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. आमचे मत स्पष्ट आहे. जिच्याकडे कोणी पाहत नाही अशी पेटी असण्यापेक्षा ती नसलेली बरी. पेटी नसेल तर माणूस निदान शेजाऱ्याकडे किंवा दवाखान्याकडे तत्काळ धाव घेईल. ती असेल आणि रिकामी असेल, तर किल्ली शोधण्यात व झाकण खटखटविण्यातच मोलाचा वेळ जाईल.

शाळेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास ज्या फौंड्र्या व यंत्रशाळा आहेत, तेथे आपल्यापैकी कित्येकांचे वडील वा थोरले बंधू काम करतात, आणि उद्या आपल्यातलेही काही जण तेथेच उभे राहतील. तेथे लोखंडाचा रस साच्यात ओतला जातो, लेथवरून धातूचे कढत तुकडे उडतात. भाजणे, कापणे आणि डोळ्यात कण जाणे या तेथे नवलाच्या गोष्टी नव्हेत.

१९४८ च्या कारखाना कायद्याने या बाबतीत मोठे शहाणपण दाखविले होते. त्याच्या ४५ व्या कलमात दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी असावी, असे म्हटले होते. हे तर बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कलमातील पुढच्या दोन गोष्टी मात्र विसरल्या जातात. पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काहीही ठेवू नये, ही एक. आणि प्रत्येक पेटी एका स्वतंत्र, जबाबदार व शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी व तो माणूस कामाच्या वेळात हाताशी असावा, ही दुसरी. आम्ही एका कारखान्यात पाहिलेल्या पेटीत उदबत्तीचा पुडा, दोन जुन्या पावत्या आणि कोणाचा तरी डब्यातला चमचा निघाला. औषध म्हणावे असे तीत काही असेल तर ती आयोडीनची आटलेली बाटली! पेटी सर्वांची होती, म्हणून ती कोणाचीच नव्हती. आणि ज्या लहान यंत्रशाळांत दहांहून कमी माणसे राबतात, त्यांना तर तो कायदा सामान्यतः लागूच नसे. तेथे मालकाच्या व कामगारांच्या समजुतीवरच सारा भार.

भरलेली पेटी तशीच भरलेली राहते, हा भ्रमच होय. टिंक्चर आयोडीनचे बूच सैल राहिले की त्यातला मद्यार्क उडून जातो आणि उरलेले द्रावण इतके तीव्र होते की ते कातडीलाच पोळते. हायड्रोजन पेरॉक्साइडची उघडलेली बाटली हळूहळू नुसत्या पाण्याची बाटली होते. (साध्या जखमेला स्वच्छ पाण्याने नीट धुणे पुरते, असेच आता सांगतात, तेव्हा या दोन्ही बाटल्यांचा शोक करण्याचे कारण नाही.) भट्टीच्या धगीत चिकटपट्टीचा डिंक सुटतो, रबरी हातमोजे तडकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कात्री गंजते, आणि निर्जंतुक गॉजचा पुडा एकदा ओलावला वा फाटला म्हणजे त्यावरची मुदत कितीही पुढची असो, ते गॉज निर्जंतुक राहत नाही. डोळे धुण्याच्या द्रावणाची बाटली उघडली की उरलेले फेकून द्यावयाचे. काटकसर म्हणून ते पुन्हा ठेवणे हा डोळ्याशी खेळ आहे. म्हणून मोजदाद करणाऱ्याने वस्तूंची संख्या पाहून थांबू नये. पुडा हातात घ्यावा, कात्रीने चिंधी कापून पाहावी.

शिवाय सर्वांत महत्त्वाचे औषध पेटीत मावतच नाही. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा लागतो. तेल, शाई किंवा दंतमंजन यांचा लेप नव्हे! तेव्हा पेटी तपासणाऱ्याने जवळच्या नळाला पाणी येते की नाही, हेही पाहिलेच पाहिजे.

आता खरी अडचण. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेटी तपासली आणि दुसऱ्या तारखेला कोणी शेवटचे बँडेज नेले, तर पुढचे अठ्ठावीस दिवस काय? नेणाऱ्याने सांगितले पाहिजे, हे उघड आहे. पण तो सांगत नाही, कारण सांगितले की प्रश्न येतो, “तुझे लक्ष कोठे होते?” बोट कापल्याची नोंद म्हणजे निष्काळजीपणाचा कबुलीजबाब, अशी समजूत जेथे आहे, तेथे माणसे चिंधी बांधून काम करीत राहतात आणि पेटी मुकाट्याने रिकामी होते. पेटीजवळच्या वहीत वस्तूचे नाव, संख्या आणि तारीख एवढेच लिहावयास असावे. अपघाताची चौकशी अवश्य व्हावी, पण ती निराळ्या वहीत व निराळ्या वेळी.

राहता राहिला कुलपाचा प्रश्न. वस्तू चोरीस जातात म्हणून कुलूप लावावे लागते, असे मालक म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु किल्ली ज्याच्या खिशात, तो रात्रपाळीला घरी असतो. आम्ही यावर एक साधा उपाय सुचवितो. कुलपाऐवजी झाकणाच्या फटीवर कागदाची एक पट्टी खळीने चिकटवावी आणि तीवर तपासणाऱ्याने सही व तारीख घालावी. गरजू माणसाला ती बोटाने फाडता येते. आणि फाटलेली पट्टी येता-जाता दिसली की, पेटीतून काही गेले आहे, हे जबाबदार माणसाला त्याच दिवशी कळते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील पेटीवर अशी पट्टी येत्या जूनपासून लावावी आणि तीवर दहावीच्या दोन विद्यार्थ्यांच्या सह्या असाव्यात, अशी मुख्याध्यापकांस आमची विनंती आहे.