सभागृहाची रेकी

गेल्या वार्षिक समारंभासाठी माझे वडील सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाहून दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून शाळेत आले होते. ते निवृत्त हवालदार आहेत. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून ते व्हीलचेअर वापरतात. आपल्या सभागृहाला पाच पायऱ्या आहेत. आम्ही चार कॅडेट्सनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला फार अभिमान वाटला.

रात्री वडील म्हणाले, "पोरांनी उचललं, त्याचं वाईट नाय वाटलं. पण मी आत पाहुणा म्हणून गेलो का सामान म्हणून?" त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जाणार नाही, हे त्यांनी आदल्या दिवशीच पाहून ठेवले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की सभागृहाची रेकी वडिलांनी केली होती. आपण केली नव्हती.

आपण साध्या ट्रेकलाही रेकीशिवाय निघत नाही. मग समारंभाची आखणी करताना कोण कसा आत येईल, हा विचार का होत नाही? चार बळकट खांदे म्हणजे नियोजन नव्हे. नियोजन चुकले, की खांदे लागतात.

गणित सोपे आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबीचा उतार लागतो. आपल्या पाच पायऱ्यांची उंची तीस इंच आहे, म्हणजे तीस फुटांचा रॅम्प, मध्ये विसाव्याला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर रुंद हवे. व्यासपीठालाही उतार हवा, कारण दिव्यांग माणूस नेहमी प्रेक्षकच असतो असे नाही. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. अशा वीराला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले, तर त्यांनाही उचलूनच वर नेणार का?

"वर्षातून एका पाहुण्यासाठी एवढा खर्च?" असे कोणी विचारेल. पण गुडघे दुखणाऱ्या आजी, फुटबॉल खेळताना पाय मोडलेला कॅडेट, कडेवर बाळ घेतलेली आई, हे सारे त्याच पायऱ्यांशी झगडतात. शिवाय ही मेहेरबानी नाही. सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने दिला आहे.

रॅम्पला वेळ लागेल, हे मान्य. पण निमंत्रणपत्रिकेत एक ओळ आजही छापता येईल: 'आपल्याला कोणती सोय लागेल ते कळवावे.' आणि पुढच्या समारंभाआधी आपल्यापैकी एकाने व्हीलचेअरवर बसून फाटकापासून व्यासपीठापर्यंत जाऊन पाहावे. जिथे चाक अडेल, तिथे खूण करावी.

त्या रेकीसाठी मी माझे नाव देतो.