बक्षीस किती मिळालं?

मागच्या जुम्याला नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चप्पल शोधत होतो. जमातीतल्या एका बुजुर्गांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मियाँ, तुमची भाची दोन दिवस दोन रात्री कॉम्प्युटरवर गेम खेळत होती म्हणे, आणि तुम्ही तिच्यासोबत बसला होतात. तुम्ही तर शिकलेले माणूस."

मी म्हणालो, "चाचा, खेळत नव्हती. बनवत होती."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "बक्षीस किती मिळालं?"

"काहीच नाही. तिथे बक्षीसच नसतं."

"मग कशाला?"

पायऱ्यांवर या प्रश्नाचं उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे देतो आहे. डहाणूत हा प्रश्न विचारणारे ते एकटे नाहीत. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी हेच विचारलं, नात्यातल्या दोघांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं.

आधी ही स्पर्धा म्हणजे काय ते सांगतो. तिला 'गेम जॅम' म्हणतात. ठरलेल्या वेळी एक विषय जाहीर होतो. तिथून ४८ किंवा ७२ तासांत त्या विषयावर एक छोटा खेळ कोऱ्या पाटीपासून तयार करून इंटरनेटवर ठेवायचा. 'लुडुम डेअर' ही यातली जुनी आणि नावाजलेली स्पर्धा, ती २००२ साली सुरू झाली. २००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' होतो, त्यात जगभरच्या शहरांत लोक एकाच वेळी एकत्र बसून खेळ बनवतात. 'इच' नावाच्या संकेतस्थळावर तर जवळपास रोज कुठली ना कुठली अशी स्पर्धा चालू असते. बहुतेक ठिकाणी प्रवेश फी नसते आणि रोख बक्षीसही नसतं. मुदत संपली की भाग घेणारेच एकमेकांचे खेळ खेळून पाहतात आणि गुण देतात. लुडुम डेअरमध्ये तर किमान वीस जणांनी गुण दिल्याशिवाय तुमचा क्रमांकच लागत नाही. म्हणून आधी दुसऱ्यांचे खेळ खेळून त्यांना चार शब्द लिहावे लागतात, तेव्हा लोक तुमच्याकडे येतात.

आम्ही तिघे होतो. माझ्या आपाची मुलगी, तिच्या वर्गातला तलासरीकडचा एक वारली मुलगा, आणि मी. माझं काम चहा करणं, इंग्रजी वाक्यं तपासणं आणि घरातल्यांना समजावणं एवढंच. भाची आमच्या घरी, तो त्याच्या गावी. सगळं बोलणं फोनवर. शनिवार-रविवारी लॅब उघडी मिळेल का म्हणून त्यांनी कॉलेजात विचारलं होतं. "गेमसाठी लॅब मिळत नाही" असं उत्तर आलं. मग भाचीने माझा जुना लॅपटॉप घेतला, त्याने चुलतभावाचा मागून आणला. 'गोडो' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यावर बनवलेला खेळ पूर्णपणे तुमचाच राहतो, कुणाला काही द्यावं लागत नाही.

विषय आला: जमिनीखाली. पहिल्या तासाभरात जगभरच्या लोकांनी काय सुचवलं ते आम्ही वाचत होतो. खाणी, खजिने, मुंग्यांची वारुळं. तलासरीचा मुलगा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडे जमिनीखालून आवाज येतो. तेच करू या."

डहाणू-तलासरीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या या दोन तालुक्यांत भूकंपाचे हादरे सुरू झाले. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत ते सर्वांत जास्त जाणवले. आधी जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग हादरा. कधी दिवसचे दिवस काही नाही, कधी एकाच रात्रीत अनेक. लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले, गावागावांत तंबू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये हादऱ्याच्या वेळी घराबाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. मुंबईच्या वर्तमानपत्रांत याच्या बातम्या आल्या, तीव्रतेचे आकडे आले, आणि मग विषय मागे पडला. तो मुलगा तेव्हा शाळेत होता.

खेळ अगदी साधा झाला. एक कौलारू घर, बाहेर तंबू. घरात आई, म्हातारी आजी आणि एक बकरी. रोज संध्याकाळी ठरवायचं, आज आत झोपायचं की बाहेर. बाहेर झोपलं की थंडीने आजीचा खोकला वाढतो. आत झोपलं आणि हादरा आला तर कुणाला आधी बाहेर काढायचं हे चार सेकंदांत ठरवायचं. अशा सात रात्री.

पहिल्या आवृत्तीत रोज रात्री हादरा येत होता. मी खेळून पाहिलं. दुसऱ्याच रात्रीपासून मी सगळ्यांना बाहेर झोपवलं, आणि खेळ तिथेच संपला. तो मुलगा म्हणाला, "सर, असं नसतं. चार रात्री काहीच होत नाही. मग आजी म्हणते, आता थांबलं, चला आत. आणि त्याच रात्री येतो." भाचीने हादऱ्याची वेळ अनिश्चित केली. त्यानंतर मी पुन्हा खेळलो. तिसऱ्या रात्री आजी खोकत होती, मी तिला आत घेतलं. पुढे काय झालं ते सांगत नाही. पण डहाणूत राहून, सगळ्या बातम्या वाचूनही जे मला कळलं नव्हतं, ते त्या तीन मिनिटांत कळलं. धोका रोज नसतो. तो कधी आहे हे माहीत नसतं, आणि तेच माणसाला झिजवतं.

आणखी एक गोष्ट. मी सुचवलं होतं, चित्रं वारली शैलीत करू, लोकांना आवडेल. तो म्हणाला, "नको. आमच्या घरात मांडणीवर भांडी असतात. हादरा आला की ती आधी वाजतात. ते दाखवू." त्याने घरची भांडी वाजवून फोनवर आवाज रेकॉर्ड केला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंनी ही कला जगात नेली, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण वारली पोरगं म्हटलं की त्याने तारपा आणि त्रिकोणी माणसंच काढावीत, अशी आपली अपेक्षा असते. मुसलमान म्हटलं की लोकांना फक्त बिर्याणी आणि कव्वाली आठवते, तसंच हे. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी पहाटे, फजरच्या अजानच्या थोडं आधी, मुदत संपायला वीस मिनिटं असताना खेळ चढला. तलासरीकडे वीज गेली होती, फोनचं नेट एकच रेघ दाखवत होतं. आठवड्याभरात परक्या देशांतल्या काही लोकांनी तो खेळला. एकाने विचारलं, ही गोष्ट खरी आहे का? त्या मुलाने उत्तर लिहिलं. धुंदलवाडीचं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. आमचा क्रमांक बराच खाली लागला.

आता आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप दीनचा. गेम म्हणजे जुगार, गेम म्हणजे हराम. सूरह माइदाच्या नव्वदाव्या आयतीत दारूबरोबर जुगार हराम ठरवला आहे, यावर वाद नाही. पण जुगारात दोन्ही बाजूंचा पैसा पणाला लागतो, एकाचं बुडतं तेव्हा दुसऱ्याचं होतं. इथे कुणी एक रुपया लावला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यातही पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे आणि बाकीचे खेळ वेगळे ठेवले आहेत. जो फरक दिल्लीच्या कायद्याला कळतो तो आपल्या जमातीला कळू नये? हबशी लोक ईदच्या दिवशी मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयेशांना ते पाहू दिले, ही हदीस बुखारीत आहे. मी मुफ्ती नाही. बुद्धिबळावर फकिहांनी शतकानुशतकं मतभेद केले, हेही मला माहीत आहे. पण मतभेद करण्यासाठी त्यांनी आधी तो खेळ काय आहे ते पाहिलं होतं.

आणि एक विचारतो. आपल्याच मोहल्ल्यातली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बंदुकांचे गेम खेळतात, आईच्या फोनवरून पैसे भरून त्यातले रंगीत कपडे विकत घेतात. त्यांच्याबद्दल पायऱ्यांवर कुणी मला थांबवलं नाही. खेळणारा पोरगा चालतो. बनवणारी पोरगी दिसली की दीन आठवतो.

दुसरा आक्षेप एका कॉम्रेड मित्राचा. "अठ्ठेचाळीस तास फुकट राबायचं, ही तर वेठच झाली." तलासरीच्या माणसाने वेठ हा शब्द उगाच वापरू नये. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, आणि गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याचं पुस्तक लिहिलं. वेठ म्हणजे घाम आपला आणि पीक सावकाराचं. इथे कोड, चित्रं, भांड्यांचा आवाज, सगळं त्या दोघांच्याच मालकीचं आहे. हां, काही कंपन्या 'स्पर्धा' भरवतात आणि बारीक अक्षरांत लिहितात की सादर केलेलं सगळं काम आयोजकांचं होईल. ती मात्र नवी वेठच. तिथे जाऊ नका, आणि मोठ्या बक्षिसाच्या आकड्याला तर मुळीच भुलू नका. चाचा, बक्षीस पाहून स्पर्धा निवडली तर पोरं नेमकी तिथे अडकतात.

तिसरा आक्षेप नाही, कौतुक आहे. पण ते मला आक्षेपाहून जास्त टोचतं. एका ओळखीच्या बाईंनी भाचीबद्दल लिहिलं, "बेड्या तोडणारी मुस्लिम मुलगी." तिने कुठल्याही बेड्या तोडल्या नाहीत. तिने अनिश्चित वेळेचं एक गणित बसवलं, जे तीनदा चुकलं आणि चौथ्यांदा जुळलं. कौतुक करायचं तर त्याचं करा.

आपल्या प्रत्येक जलशात वक्ते सांगतात की 'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिज्मींच्या नावावरून आला. टाळ्या पडतात. मग घरातली पोरगी अल्गोरिदम लिहायला बसली की तिला उठवून भाजी निवडायला का लावतो? पूर्वजांचं नाव घ्यायचं असेल तर त्यांचं काम करणाऱ्याला दोन दिवस निवांत बसू तरी द्या.

म्हणून जमातीकडे एक मागणी आहे, आणि ती लेखी देणार आहे. आपल्या हॉलमध्ये वीज आहे, पंखे आहेत, वायफाय आहे, आणि कपड्याखाली झाकून ठेवलेले कॉम्प्युटर आहेत. वर्षातून एक शनिवार-रविवार तो हॉल मुलामुलींसाठी उघडा ठेवा. आई-बाप, मामा-चाचा सोबत बसतील. तलासरीच्या, धुंदलवाडीच्या मुलांनाही बोलवा, त्यांच्याकडे वीज नसते आणि आपल्याकडे त्यांच्यासारख्या गोष्टी नसतात. चाचा, चहा मी करीन. तुम्ही फक्त एक खेळ खेळून बघा. सात रात्रींचाच आहे. आजीला आत झोपवायचं की बाहेर, ते तुम्ही ठरवा. नंतर पायऱ्यांवर पुन्हा बोलू.